मोज्यातला लोहचुंबक

शाळेच्या प्रयोगशाळेतून मी लोहचुंबक आणलाय,
इयाच्या जुन्या मोज्यात घालून, रंगावर ओरखडा नको म्हणून.
माल्खाज म्हणतो, कारच्या बाजारात चाललोय आपण,
सातवीच्या तासाला नाही.
मी म्हणते, चल.

रुस्तावीत वाऱ्याला धूळ आणि तळलेल्या कांद्याचा वास.
नजर पोचेल तिथवर काचा, काचांवर खडूने किमती.
समुद्रापलीकडे कुणी कशावर तरी आपटलेल्या,
कुणी पुरात गळ्यापर्यंत उभ्या ठेवलेल्या गाड्या
पोतीच्या बंदरात उतरल्या,
इथल्या गल्ल्यांत त्यांना नवं तोंड मिळालं,
आता रांगेत उभ्या, जशा काही कालच जन्मल्या.

माल्खाजचे डोळे काळ्या जर्मन सेदानवर.
लांब, बुटकी,
लग्नात उशिरा येणाऱ्या मामासारखी ऐटबाज.
मी भांडले नाही. जमिनीपासून वीतभर
उंची दाखवली फक्त, हाताने:
ओनीच्या वरचे शेवटचे चार किलोमीटर,
जिथे वसंतात ओढाच रस्ता होतो.
मग बाबांचा गुडघा.
मग गाडीत ओकणारा लेवान.
मग शरदात गावाहून येणाऱ्या वाइनच्या तीन बरण्या,
ज्यांना आडवं झोपणं माहीत नाही.
सेदानच्या डिकीत बरणी उभी राहत नाही. विषय संपला.

संपला नाही. तो आणखी दोनदा वळून बघतो.

मग ही चंदेरी. सात वर्षांची, आटोपशीर, उंच पायांची,
दार उघडलं की लिंबाचा वास.
गोचा नावाचा विक्रेता म्हणतो, नुसता बंपर बदललाय.
मी मोजा फिरवते.
बॉनेट, टक्.
पुढचं दार, टक्.
मागचं डावं दार…
मोजा घसरून माझ्या बुटावर पडतो.
पुन्हा लावते. पुन्हा पडतो.
पत्र्याच्या नावाखाली बोटभर पुट्टी.
"अ‍ॅल्युमिनियम असेल," गोचा म्हणतो.
सातवीतली पोरं याहून बरं खोटं बोलतात.

मागच्या सीटच्या फटीत हात घातला
तर लागला एक मेणाचा खडू, हिरवा,
उन्हात वितळून पुन्हा गोठलेला,
टोकाला बारीक दातांच्या खुणा.

कोण बसायचं इथे?
गोचाला विचारून काय उपयोग,
लिलावात त्याला मिळाले तीन फोटो आणि एक आकडा.
आमची इया डावीकडेच बसते.
तिला नदीची बाजू लागते.

खडू मी होता तिथेच ठेवला.
खिशात घालवेना, फेकवेना.

एल्शाद मार्नेउलीहून आलेला, स्वतःचीच गाडी विकायला.
बिटाच्या रंगाची, जरा कळकट.
किंमत सांगायच्या आधी त्याने दुखणी सांगितली:
एसी उशिरा जागा होतो,
मागची उजवी काच अर्ध्यावर रुसते,
आणि हा पोचा बायकोने डाळिंबाच्या झाडाला दिलाय,
तो मी झाकणार नाही, तिच्या अजून लक्षात आहे.
चुंबक सगळीकडे धरला. पोच्यातही.
बाबांना बसवलं.
ते वाकले नाहीत, चढले नाहीत, नुसते बसले,
स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसावं तसे,
डोक्यावर टोपी तशीच.
"निघायचं का?" म्हणाले,
अजून गाडी आमची झाली नव्हती.

घासाघीस माल्खाजने केली. दोनशे लारी सुटल्या, वर जॅक.
परतताना हमरस्त्यावर काळी सेदान
शेजारून सुळकन गेली.
"बघितलीस?"
"काय?" मी म्हटलं.

घरी उतरलो तर
मोजा मागच्या डाव्या दाराला चिकटलेला,
एवढा वेग, एवढा वारा खाऊन.
माल्खाजने तो लगेच काढला नाही.
आधी बोट वाकवून
पत्र्यावर टकटक केली, खाली कान लावून,
जशी कुणाच्या तरी दारावर.